रिकाम्या हातांनी परतणारी गस्त

४ एप्रिल १९४२. सिलोनच्या दक्षिण किनाऱ्यावरील कोग्गला येथून पहाटे उडालेले एक कॅटलिना विमान दिवसभराची गस्त संपवत आले होते. पाण्यावर उतरणारे, संथ, अवजड असे हे विमान. चालक होता कॅनडाच्या वायुदलाचा लेनर्ड बर्चल; दोनच दिवसांपूर्वी तो या तळावर आला होता. परतण्याची वेळ झाली असताना क्षितिजावर काही ठिपके दिसले. विमान जवळ गेले, तेव्हा ते ठिपके म्हणजे जपानचा नौदल सेनानी नागुमो याचा आरमारी ताफा असल्याचे उघड झाले. चार महिन्यांपूर्वी पर्ल हार्बरवर हल्ला करणाऱ्या विमानवाहू जहाजांपैकी पाच जहाजे त्यात होती. बिनतारी संदेश जाऊ लागला आणि तो पूर्ण होण्याआधीच जपानी लढाऊ विमानांनी कॅटलिना पाडले. नऊ जणांपैकी सहा जण वाचले आणि युद्ध संपेपर्यंत जपानच्या कैदेत राहिले.

दुसऱ्या दिवशी कोलंबोवर हल्ला झालाच. पण इशारा पोचला असल्यामुळे बंदरातील बहुतेक जहाजे आधीच बाहेर काढलेली होती. समुद्रात असलेल्या दोन ब्रिटिश क्रूझर मात्र त्याच दिवशी बुडाल्या. ६ एप्रिलला बंगालच्या उपसागरात शिरलेल्या दुसऱ्या जपानी ताफ्यातील विमानांनी विशाखापट्टणम आणि काकीनाडा येथे बाँब टाकले. दुसरे महायुद्ध भारताच्या किनाऱ्याला येऊन भिडले होते.

बर्चलच्या विमानाची कथा धैर्याची म्हणून सांगितली जाते, आणि ती तशी आहेच. परंतु विज्ञानाच्या दृष्टीने तिच्यात एक अवघड प्रश्न दडलेला आहे. त्या दिवशी विमानाने ताफा पाहिला हा नशिबाचा भाग किती आणि हिशेबाचा किती? अथांग समुद्रावर एक विमान फिरते आणि बहुतेक वेळा काहीही न पाहता परत येते. मग ही गस्त चांगली झाली की वाईट, हे ठरवायचे कसे? या प्रश्नाचे शास्त्रीय उत्तर शोधण्याचे काम त्याच सुमारास ब्रिटनमध्ये सुरू होते, आणि ते करणारी माणसे सेनापती नव्हती. ती होती विश्वकिरणांचा अभ्यास करणारे भौतिकशास्त्रज्ञ आणि फळमाश्यांच्या पैदाशीवर प्रयोग करणारे जीवशास्त्रज्ञ.

*

गस्तीचे मूळ गणित शाळकरी विद्यार्थ्यालाही समजेल इतके सोपे आहे. विमानाच्या दोन्ही बाजूंना १० किलोमीटरपर्यंतचे दिसते असे धरले, तर विमान आपल्याबरोबर २० किलोमीटर रुंदीचा एक पट्टा ओढत नेते. वेग ताशी २०० किलोमीटर असेल तर तासाला ४,००० चौरस किलोमीटर समुद्र नजरेखालून जातो. दहा तासांच्या उड्डाणात ४०,०००. फ्रान्स आणि स्पेन यांच्या कुशीतील बिस्केच्या उपसागराचे क्षेत्रफळ सव्वादोन लाख चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. म्हणजे कागदावर साडेपाच उड्डाणांत सारा उपसागर पाहून व्हावा.

प्रत्यक्षात तसे होत नाही. वारा विमानाला मार्गावरून ढळवतो, पट्टे एकमेकांवर चढतात, काही भाग दोनदा पाहिला जातो तर काही सुटतो. आणि ज्याला शोधायचे तो एका जागी थांबून राहत नाही. अमेरिकेत बर्नार्ड कूपमन या गणितज्ञाने युद्धकाळात या शोधाचे नियम सूत्रबद्ध केले. विमान अगदी यदृच्छया फिरत असेल आणि पाहून झालेले एकूण क्षेत्र समुद्राच्या क्षेत्राइतके असेल, तर लक्ष्य सापडण्याची शक्यता १०० टक्के नसून सुमारे ६३ टक्के असते. श्रम दुप्पट केले तर ती ८६ टक्क्यांपर्यंत जाते, तिप्पट केले तर ९५ टक्क्यांपर्यंत. किरणोत्सारी अणूंच्या ऱ्हासाचा घातांकी नियम शिकलेल्या विद्यार्थ्याला ही वक्ररेषा परिचित वाटेल. प्रत्येक पुढचा टक्का आधीच्यापेक्षा महाग पडत जातो, आणि पूर्ण शंभर कधीच गाठता येत नाही. कोणतीही गस्त संपूर्ण सुरक्षिततेचे वचन देऊ शकत नाही, हा या गणिताचा पहिला धडा होय.

*

मार्च १९४१ मध्ये पॅट्रिक ब्लॅकेट ब्रिटनच्या कोस्टल कमांडमध्ये वैज्ञानिक सल्लागार म्हणून दाखल झाले. समुद्रावर गस्त घालणाऱ्या विमानांचा हा विभाग. ब्लॅकेट स्वतः तरुणपणी नौदलात होते आणि १९१६ सालची जटलंडची लढाई त्यांनी अनुभवली होती. पुढे केंब्रिजमध्ये मेघकोष्ठाच्या साहाय्याने त्यांनी विश्वकिरणांवर केलेल्या कामाला १९४८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचे सहकारी इव्हान जेम्स विल्यम्स हे वेल्सचे भौतिकशास्त्रज्ञ. म्यूऑन या कणाच्या ऱ्हासाचे मेघकोष्ठातील छायाचित्र १९४० साली टिपण्यात त्यांचा वाटा होता. क्षणभर दिसून नाहीशा होणाऱ्या विरळ घटना मोजण्याची सवय या दोघांना होती. समुद्रावरील पाणबुडी ही अशीच एक विरळ घटना आहे, असे त्यांना दिसले.

त्या काळच्या जर्मन पाणबुड्या बहुतांश प्रवास पृष्ठभागावरून करीत. पाण्याखाली त्यांना बॅटरीवर चालावे लागे. वेग निम्म्याहून कमी होई आणि बॅटरी लवकर संपे. म्हणून विमानांना त्या दिसण्याची शक्यता होती. ब्लॅकेट यांनी उड्डाणांचे तास, नजरेच्या पट्ट्याची रुंदी आणि उपसागरातून ये-जा करणाऱ्या पाणबुड्यांची अंदाजे संख्या घेऊन किती पाणबुड्या दिसायला हव्या होत्या याचा हिशेब मांडला. प्रत्यक्षात दिसलेल्या पाणबुड्यांचा आकडा त्याच्या कितीतरी मागे होता.

मग उरलेल्या गेल्या कुठे? सर्वांत सरळ उत्तर असे होते की विमान पाणबुडीला पाहण्याआधीच पाणबुडी विमानाला पाहत होती आणि बुडी मारत होती. तेव्हा विमान लवकर दिसू नये यासाठी काय करावे, हा प्रश्न पुढे आला. यातील अनेक विमाने मुळात रात्रीच्या बाँबफेकीसाठी बांधलेली होती. सर्चलाइटच्या झोतात दिसू नयेत म्हणून त्यांची पोटे काळी रंगवलेली होती. अटलांटिकवरच्या ढगाळ, फिकट आकाशात तेच काळे पोट लांबून उठून दिसे. समुद्रपक्ष्यांची पोटे पांढरी का असतात, याचे उत्तर येथे हाती लागले. चाचण्यांत असे आढळले की पांढरे विमान काळ्या विमानापेक्षा सुमारे २० टक्के अधिक जवळ आल्यावरच नजरेस पडते. विमानांची पोटे आणि बाजू पांढऱ्या झाल्या. नवे यंत्र लागले नाही, नवे इंधनही लागले नाही. रंगाच्या डब्यांवर काम भागले.

दुसरा प्रश्न डेप्थ चार्जचा होता. पाण्यात टाकल्यावर ठरावीक खोलीवर फुटणारा हा स्फोटक पिंप. विमानातून टाकायचे डेप्थ चार्ज १०० फूट खोलीवर फुटतील असे लावलेले असत. त्यामागचा विचार असा की विमान दिसताच पाणबुडी बुडी मारील आणि हल्ल्याच्या क्षणापर्यंत तेवढी खाली गेलेली असेल. सरासरीचा विचार म्हणून तो चूक नव्हता. विल्यम्स यांनी मात्र हल्ल्यांच्या नोंदी वेगळ्या प्रकारे वाचल्या. जी पाणबुडी बराच वेळ आधी बुडाली आहे ती खोल असते हे खरे. पण ती कोणत्या दिशेला किती सरकली हे वैमानिकाला ठाऊक नसते, म्हणून तिच्यावर टाकलेला स्फोटक बहुधा वायाच जातो. जी पाणबुडी अजून पृष्ठभागावर आहे किंवा नुकतीच बुडाली आहे, तिची जागा नेमकी ठाऊक असते. पण १०० फुटांवरचा स्फोट तिच्या फार खाली होतो. म्हणजे जिला गाठता येणे शक्य होते तिलाच स्फोट चुकत होता. स्फोटाची खोली टप्प्याटप्प्याने कमी करीत अखेर २५ फुटांपर्यंत आणली गेली आणि हल्ल्यांची परिणामकारकता कित्येक पटींनी वाढली. पकडले गेलेले जर्मन नाविक समजत होते की ब्रिटिशांनी अधिक शक्तिशाली स्फोटक शोधून काढले आहे. बदलले होते ते केवळ एका कळीवरचे माप.

येथे एक गोष्ट विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावी. सरासरी पाणबुडी कुठे असते, हा प्रश्नच चुकीचा होता. ज्या पाणबुड्यांवरील हल्ला यशस्वी होऊ शकतो त्या कुठे असतात, हा खरा प्रश्न. प्रयोगशाळेत असो वा समुद्रावर, चुकीच्या समूहाची सरासरी काढणे हा आजही सर्रास घडणारा प्रमाद आहे.

*

गस्त केवळ आकाशात घडत नाही. तिचा मोठा भाग हँगरमध्ये घडतो. सेसिल गॉर्डन हे आनुवंशिकीचे अभ्यासक फळमाश्यांवरचे काम सोडून या कामावर आले. तळांवर नियम होता की ठरावीक टक्के विमाने सदैव उड्डाणास सज्ज असली पाहिजेत. ऐकायला हा नियम शहाणपणाचा वाटतो. गॉर्डन यांनी दाखवले की सज्ज विमानांची टक्केवारी वाढवण्याचा हमखास उपाय म्हणजे विमाने उडवायचीच नाहीत. मोजायचे असेल तर दुरुस्ती करणाऱ्या माणसांच्या श्रमांमागे समुद्रावर किती तासांचे उड्डाण मिळाले ते मोजावे. एका स्क्वाड्रनवर या पद्धतीने नियोजन केले, तेव्हा तितकीच माणसे आणि तितकीच विमाने असताना उड्डाणाचे तास जवळजवळ दुप्पट झाले.

याच मालिकेत आणखी एक अनपेक्षित गोष्ट उघड झाली. ठरावीक तासांनी होणाऱ्या नियमित तपासणीनंतर विमानांतील बिघाड कमी होण्याऐवजी लगेच वाढत आणि पुढे हळूहळू घटत. नीट चालणारे यंत्र उगाच उघडल्याने दोष शिरत होते. जीवशास्त्रज्ञ कॉनरॅड वॉडिंग्टन यांनी या निरीक्षणाची नोंद केली आणि ते पुढे त्यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले. या साऱ्या कामावरचे त्यांचे पुस्तक १९७३ साली प्रसिद्ध झाले. प्रत्यक्ष कारवाईच्या नोंदींवरून शास्त्रीय निष्कर्ष काढण्याच्या या विद्येला ऑपरेशनल रिसर्च असे नाव पडले. आज रेल्वेच्या वेळापत्रकापासून लसींच्या वितरणापर्यंत तिचा वापर होतो.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे वळता येईल. काहीही न पाहता परतलेले विमान निष्फळ ठरले काय? जर्मन पाणबुडी पृष्ठभागावर साधारण १७ नॉट वेगाने धावे. पाण्याखाली तिचा वेग जेमतेम सात नॉट. सात ते नऊ नॉट वेगाने चाललेल्या व्यापारी जहाजांच्या काफिल्याला गाठायचे तर तिला वर यावेच लागे. आकाशात विमान घिरट्या घालत आहे एवढ्यानेच ती खाली दडून राही, आणि काफिला पुढे निघून जाई. वैमानिक तळावर येऊन दैनंदिनीत ‘काही दिसले नाही’ असे लिही. पण त्या नोंदीमागे वाचलेली जहाजे असू शकत. दिसलेल्या आणि बुडवलेल्या पाणबुड्यांचीच मोजदाद केली असती, तर काफिल्याभोवतीची गस्त वाया गेली असाच निष्कर्ष निघाला असता. न घडलेल्या घटनेची मोजणी कशी करावी, हे गस्तीच्या शास्त्रातील सर्वांत कठीण कोडे आहे, आणि आजही ते सुटलेले नाही.

*

समोरचाही विचार करतो, हा पुढचा धडा. १९४२ च्या उन्हाळ्यात रडार आणि शक्तिमान झोतदिवा यांच्या मदतीने विमाने रात्रीही पाणबुड्यांवर हल्ले करू लागली. त्याच वर्षी जर्मनांनी दीड मीटर तरंगलांबीच्या रडारची चाहूल घेणारा ग्राहक आपल्या पाणबुड्यांवर बसवला आणि विमानांना दिसणाऱ्या पाणबुड्या पुन्हा घटल्या. १९४३ च्या आरंभी ब्रिटिशांनी १० सेंटिमीटर तरंगलांबीचे रडार आणले. तो ग्राहक त्यापुढे बहिरा ठरला. मे १९४३ या एका महिन्यात जर्मनीने ४० हून अधिक पाणबुड्या गमावल्या. नौदलप्रमुख डोनिट्झ याने २४ मे रोजी उत्तर अटलांटिकमधून आपल्या पाणबुड्या मागे घेतल्या. सांकेतिक संदेशांची उकल, लांब पल्ल्याची विमाने, छोटी विमानवाहू जहाजे आणि हिशेबी गस्त या साऱ्यांचा तो एकत्रित परिणाम होता. त्याचे श्रेय एकट्या कोणाला देता येत नाही.

त्या हिशेबांत दोन आकडे असे आहेत की ज्यांच्यामागे माणसांचे जीव होते. पहिला काफिल्याच्या आकाराचा. मोठा काफिला म्हणजे मोठे लक्ष्य, अशी नौदलाची समजूत होती. ब्लॅकेट यांच्या गटाने नोंदी चाळल्या, तेव्हा सरासरी ३२ जहाजांच्या काफिल्यांत सुमारे २.५ टक्के जहाजे बुडाल्याचे दिसले, तर सरासरी ५४ जहाजांच्या काफिल्यांत सुमारे १.१ टक्के. कारण भूमितीत होते. रक्षक नौका काफिल्यापासून ठरावीक अंतर राखून बाहेरच्या परिघावर गस्त घालतात. जहाजे ४० वरून ८० केली तर हा परीघ केवळ एक सप्तमांशाने वाढतो. तेवढ्याच रक्षक नौका दुप्पट जहाजे जवळपास तितक्याच चोखपणे सांभाळू शकतात.

दुसरा आकडा अधिक अस्वस्थ करणारा आहे. लांब पल्ल्याची लिबरेटर विमाने थोडीच होती. ती समुद्रावर गस्तीला द्यावीत की जर्मन शहरांवरील बाँबफेकीला, यावर लंडनमध्ये वाद पेटला होता. ब्लॅकेट यांनी मांडलेला हिशेब असा: आइसलँडहून काफिल्यांच्या रक्षणासाठी उडणारे एक लिबरेटर आपल्या साधारण ३० उड्डाणांच्या आयुष्यात किमान सहा व्यापारी जहाजे वाचवते. तेच विमान बर्लिनवर पाठवले तर आयुष्यभरात १०० टनांहून कमी बाँब टाकील, काही घरे पाडील आणि फार तर दोन डझन पुरुष, स्त्रिया व मुले मारील. हे गणित मांडणारा माणूस युद्धविरोधी नव्हता. मात्र नागरी वस्त्यांवरील बाँबफेकीला त्याचा विरोध होता आणि त्याची किंमत त्याने मोजली. सत्ताधारी वर्तुळात त्याचे शब्द अनेकदा बाजूला सारले गेले. समुद्रावरील गस्तीला पुरेशी विमाने उशिरा मिळाली, आणि तो उशीर व्यापारी जहाजांवरच्या खलाशांनी भोगला. त्या खलाशांत भारतीयांची संख्या मोठी होती. विल्यम्स हे स्वतः युद्ध संपताच, सप्टेंबर १९४५ मध्ये, कर्करोगाने वारले. वय अवघे ४२.

*

जानेवारी १९४७ मध्ये दिल्लीला भारतीय विज्ञान परिषदेचे अधिवेशन भरले. पाहुण्यांत ब्लॅकेट होते. जवाहरलाल नेहरूंशी त्यांचे संरक्षणाविषयी बोलणे झाले आणि पुढे स्वतंत्र भारताने त्यांना सल्लागार म्हणून बोलावले. १९४८ साली त्यांनी आपला अहवाल दिला. नवस्वतंत्र, गरीब देशाने सर्वांत महागड्या आणि झपाट्याने जुन्या होणाऱ्या शस्त्रांच्या शर्यतीत उतरू नये. जे आहे त्याचा शास्त्रशुद्ध वापर शिकावा, असा त्यांचा रोख होता. त्याच वर्षी दौलतसिंह कोठारी यांची संरक्षण मंत्रालयाचे वैज्ञानिक सल्लागार म्हणून नेमणूक झाली. उदयपूरला जन्मलेले कोठारी अलाहाबादला मेघनाद साहांचे विद्यार्थी होते, पुढे केंब्रिजला गेले आणि श्वेत बटू ताऱ्यांतील दाबाने होणाऱ्या आयनीभवनावर त्यांनी मौलिक काम केले. अशा शास्त्रज्ञाच्या हाताखाली संरक्षण विज्ञान संघटना उभी राहिली. १९५८ साली तिच्यातून आणि इतर विभागांतून डीआरडीओ घडली.

परंतु अटलांटिकचे गणित जसेच्या तसे अरबी समुद्राला लावता येत नव्हते. पाण्याखालच्या गस्तीत डोळ्यांची जागा कान घेतात, आणि ध्वनीचा मार्ग पाण्याच्या तापमानाने वळतो. उष्ण कटिबंधातील शांत समुद्रावर दुपारपर्यंत वरचा थर तापतो. ऊन पाण्यात ध्वनीचा वेग जास्त, खालच्या थंड पाण्यात कमी. म्हणून ध्वनिकिरण खाली वाकतात आणि पृष्ठभागाजवळ एक ‘सावली’ तयार होते. सकाळी दूरवर ऐकणारा सोनार दुपारी अर्धवट बहिरा होतो. पट्ट्याची रुंदी ही केवळ यंत्रावर ठरत नसून ऋतू, प्रहर आणि पाणी यांवरही ठरते. १९५२ साली कोचीला नौदलाची भौतिकी प्रयोगशाळा सुरू झाली, ती पुढे एनपीओएल म्हणून ओळखली जाऊ लागली. भारतीय पाण्याला साजेसे सोनार हे तिच्या कामाचे केंद्र ठरले. २०१३ पासून तमिळनाडूतील अरक्कोणमच्या तळावरून उडणाऱ्या पी-८आय विमानांच्या बातम्या विज्ञानवाचक वाचतात. पाण्यात सोडायचे ध्वनिग्राही तरंगक, रडार आणि चुंबकीय क्षेत्रातील सूक्ष्म बदल टिपणारे उपकरण घेऊन ती फिरतात. पण हिशेब अजून तोच आहे: पट्टा, वेग, वेळ आणि समोरच्याची चाल.

*

किनाऱ्याजवळचा प्रश्न मात्र वेगळा निघाला. मार्च १९९३ च्या मुंबईतील बाँबस्फोटांसाठी स्फोटके रायगडच्या किनाऱ्यावर उतरवली गेली होती. त्यानंतर महाराष्ट्र आणि गुजरातच्या किनाऱ्यांवर ‘ऑपरेशन स्वान’ या नावाने संयुक्त गस्त सुरू झाली. गस्त होती, तरीही २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री दहा हल्लेखोर समुद्रमार्गे मुंबईत उतरले आणि १६६ माणसे मृत्युमुखी पडली. ‘कुबेर’ या भारतीय मासेमारी नौकेचा त्यांनी समुद्रात ताबा घेतला होता आणि तिच्या तांडेलाला ठार केले होते. समुद्रावर ‘कुबेर’ कोणाला दिसली असती तरी काय दिसले असते? हजारो नौकांसारखी आणखी एक नौका.

अटलांटिकवर दिसणे म्हणजेच ओळखणे होते. उघड्या समुद्रावरची पाणबुडी लपून राहत नाही. भारताच्या किनाऱ्यालगत दोन लाखांहून अधिक मासेमारी नौका आहेत. येथे दिसते सारेच, ओळखू येत नाही. साधा हिशेब करून पाहावा. समजा १०,००० नौकांत एकच संशयास्पद आहे आणि ओळखण्याची यंत्रणा १०० पैकी ९९ वेळा अचूक आहे. तरीही सुमारे १०० निरपराध नौकांवर बोट ठेवले जाईल आणि त्या शंभरांच्या गर्दीत ती एक असेल. यंत्रणा उत्तम असूनही तिचा प्रत्येक इशारा बहुधा खोटाच असेल. संभाव्यताशास्त्राच्या पहिल्या वर्गात शिकवला जाणारा हा बेझचा नियम समुद्रावर फार महाग पडतो. अडवलेल्या प्रत्येक नौकेची एका रात्रीची मासळी जाते. आणि न अडवलेल्या एका नौकेची किंमत मुंबईने मोजली आहे.

२००८ नंतरचे बहुतेक उपाय या दृष्टीने पाहिले तर त्यांचा अर्थ उलगडतो. किनाऱ्यावर रडारची साखळी उभारली गेली. पहिल्या टप्प्यात ४६ केंद्रे. मोठ्या नौकांवर स्वतःची ओळख प्रसारित करणारी यंत्रे, मच्छीमारांना बायोमेट्रिक ओळखपत्रे, राज्यागणिक नौकांचे वेगवेगळे रंग, लहान नौकांसाठी इस्रोच्या उपग्रहांवर चालणारे ट्रान्सपाँडर, आणि हे सारे एकत्र पाहणारे गुरुग्राममधील केंद्र, जे २०१४ मध्ये सुरू झाले. यांतील एकही उपाय गस्तीची नजर फार लांब नेत नाही. निरपराध नौकांना आधीच ओळखून गर्दीतून वगळणे, हे त्यांचे काम. म्हणूनच कोळी, भंडारी, खारवी वस्त्यांतील माणूस या व्यवस्थेत संशयित ठरण्यापेक्षा साक्षीदार ठरणे अधिक शास्त्रशुद्ध आहे. आपल्या पाण्यातली परकी होडी तो कोणत्याही रडारच्या आधी ओळखतो. महाराष्ट्रातील सागर रक्षक दलामागची कल्पना हीच आहे.

*

गेल्या दोन दशकांत या शास्त्राला आणखी एक वळण मिळाले. चोर गस्तीचे वेळापत्रक पाठ करतो, हे गावच्या रामोशालाही ठाऊक होते. मग गस्त यदृच्छया घालावी. पण नाणेफेक करून नव्हे, तर जिथे गमावण्यासारखे अधिक आहे तिथे अधिक वेळा, आणि तरीही अंदाज बांधता येणार नाही अशा रीतीने. मिलिंद तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी द्यूतसिद्धांताच्या आधारे अशी वेळापत्रके आखणारी प्रणाली लॉस एंजेलिसच्या विमानतळासाठी २००७ मध्ये तयार केली. नंतर बॉस्टन बंदरात अमेरिकी तटरक्षक दलाच्या गस्तीसाठी तशीच दुसरी. याच विचाराचा पुढचा अवतार वन्यजीवांच्या शिकारीविरुद्ध वापरला गेला. भारतातील व्याघ्रप्रकल्पांत वनरक्षकांच्या पायी गस्तीची नोंद उपग्रहाधारित स्थाननोंदीसह ठेवणारी एम-स्ट्राइप्स ही प्रणाली २०१० पासून आहे. वनरक्षक कोणत्या वाटेने गेला आणि कोणत्या वाटेने महिनोन्‌महिने कोणीच गेले नाही, हे तिच्या नकाशावर दिसते. ब्लॅकेट यांनी वैमानिकांच्या दैनंदिन्यांतून जे शोधले, तेच आता जंगलातील पायवाटांतून शोधले जाते.

या इतिहासातील शास्त्रज्ञांनी शस्त्र फारच थोडे शोधले. त्यांनी नोंदवह्या वाचल्या, आणि त्या वाचता याव्यात म्हणून वैमानिकांनी त्या प्रामाणिकपणे भरल्या होत्या: किती वाजता, कुठे, किती अंतरावर, आणि बहुतेक वेळा ‘काही दिसले नाही’. पराक्रमाच्या बातम्यांत या ओळींना जागा नसते. पण एखाद्या तळावर यश दाखवण्याच्या दडपणाखाली त्या रिकाम्या ओळी भरल्या गेल्या असत्या, तर पांढरा रंगही सुचला नसता आणि २५ फुटांची खोलीही. आजही पहाटे अरक्कोणमला उतरणारे विमान, वसईच्या खाडीतून परतणारी पोलिसांची नौका आणि मेळघाटातील पाणवठ्यावरून माघारी येणारा वनरक्षक बहुधा हीच ओळ लिहितात. ती खरी असेल, तर तिचा उपयोग होतो.